बॅन करण्याआधी हजार ब्लॉक मोजा

प्रिय ताई,

एका लहान क्रिप्टो कॉइनच्या (बिटकॉइनसारख्या डिजिटल चलनाच्या) ऑनलाइन ग्रुपचा मी अडीच वर्षांपासून मॉडरेटर आहे. पैसे मिळत नाहीत, हौस म्हणून करतो. दोन ग्राफिक्स कार्डांवर मायनिंगही (यंत्राला गणितं सोडवायला लावून नवे कॉइन मिळवणं) चालू असतं आणि माझी बरीचशी बचत याच कॉइनमध्ये आहे. गेले दोन महिने टोपणनावाने वावरणारा एक सभासद रोज एकच रडगाणं गातोय : एकाच पूलकडे (एकत्र मायनिंग करणाऱ्यांच्या गटाकडे) निम्म्याहून जास्त हॅशरेट (मायनिंगची ताकद) आहे, कॉइन मेल्यात जमा आहे, तुम्ही सगळे मेंढरं आहात. सोबत आकडे असतात आणि आकड्यांपेक्षा जास्त टोमणे. लोक वैतागलेत. पन्नासेक जणांनी ‘याला बॅन करा’ असं लिहिलंय. मी त्याला सात दिवस म्यूट केलं तर मीच विकला गेलोय अशी ओरड झाली. आता खाजगीत शिव्या येतात, रात्री झोप लागत नाही.

सगळेच असे नाहीत म्हणा. परवा अपडेट केल्यावर माझ्या वॉलेटमध्ये बॅलन्स शून्य दिसायला लागला. ग्रुपमध्ये विचारलं, तर एका सभ्य सभासदाने लगेच खाजगीत येऊन धीर दिला, वॉलेट ‘सिंक’ करायची लिंकही पाठवली. उद्या सुट्टी आहे, निवांत बसून ते करेन. तर प्रश्न एवढाच : त्या ट्रोलला कायमचं काढून टाकू का?

– वैतागलेला मॉडरेटर

———

प्रिय मॉडरेटर,

पत्र हातात पडलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला दोन ओळींचा निरोप पाठवला होता : लिंक उघडू नका, उघडली असेल तर काहीही टाइप करू नका. तुमचं उत्तर आलं की पान उघडलं होतं, वॉलेटचे बारा गुप्त शब्द मागत होतं, सात लिहून झाले होते. एवढ्यावर सुटलात. तरी ते वॉलेट आता निवृत्त करा. काही पानं ‘पाठवा’ बटण दाबायच्या आधीच टाइप केलेली अक्षरं पलीकडे पोचवतात. नवं वॉलेट काढा, नवे शब्द कागदावर लिहा आणि सगळं तिकडे हलवा. पासवर्ड बदलून भागणार नाही, कारण पासवर्ड तुमच्या फोनवरच्या ॲपला असतो. ते शब्द म्हणजे खुद्द किल्ली, आणि ती बदलता येत नाही, फक्त टाकून देता येते.

हे इथे पुन्हा लिहितेय ते इतरांसाठी. बहुतेक वॉलेट २०४८ शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून १२ किंवा २४ शब्द निवडून देतात. त्या शब्दांतून तुमच्या सगळ्या किल्ल्या निघतात. कॉइन असतात साखळीवर, म्हणजे व्यवहारांचे ब्लॉक एकापुढे एक जोडून बनलेल्या सामायिक वहीत. अपडेटनंतर आकडा शून्य दिसला, तर बहुधा वॉलेट अजून साखळी वाचत असतं किंवा चुकीच्या नोडला (साखळीची प्रत ठेवणाऱ्या संगणकाला) जोडलेलं असतं. आपला पत्ता एखाद्या ब्लॉक एक्सप्लोररमध्ये (साखळी वाचून दाखवणाऱ्या वेबसाइटवर) टाकून पाहिला की खरा आकडा दिसतो. त्यासाठी शब्द कुणालाही लागत नाहीत. डेव्हलपरला लागत नाहीत, ‘सपोर्ट’ला लागत नाहीत, मलाही लागत नाहीत.

आता तुमचं पत्र तुम्हीच पुन्हा वाचून बघा. जो दोन महिने खेकसतोय त्याच्यामुळे तुमचा अजून एक पैसाही गेलेला नाही. ज्याने गोड बोलून धीर दिला त्याने तुमची तिजोरी उघडायला घेतली होती. त्याला मात्र तुम्ही ‘सभ्य सभासद’ म्हटलंत. ग्रुपमध्ये कुणी अडचण विचारली की पाच मिनिटांत खाजगीत येणारा मदतनीस हा या धंद्यातला सर्वांत जुना प्रकार आहे, आणि तुम्ही अडीच वर्षं मॉडरेटर असूनही फसत होतात, कारण त्या क्षणी तुम्ही घाबरलेले होतात. कायमचा बॅन द्यायचाच असेल तर पहिला मान त्याचा. आणि ‘आमचा कोणीही माणूस आधी खाजगीत येत नाही’ हा मेसेज ग्रुपच्या माथ्यावर पिन करा.

आता तुमच्या ट्रोलकडे वळू.

तो म्हणतो ते गंभीर आहे आणि मुख्य म्हणजे तपासता येण्यासारखं आहे. या दोन गोष्टी एकत्र क्वचित येतात. एका पूलकडे निम्म्याहून जास्त हॅशरेट गेला, तर तो पूल इतर सगळ्यांपेक्षा लांब साखळी बनवू शकतो, आणि सगळे नोड सर्वांत लांब साखळीच खरी मानतात. म्हणजे एक्स्चेंजवर (कॉइनच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात) कॉइन जमा करायचे, विकायचे, पैसे बाहेर काढायचे आणि मग ते जमा केल्याचा ब्लॉकच गायब होईल अशी दुसरी साखळी पुढे करायची. याला डबल स्पेंड म्हणतात. एखाद्याचे व्यवहार अडवूनही ठेवता येतात. पण तुमच्या पत्त्यावरचे कॉइन त्याला उचलता येत नाहीत, कारण तुमची सही त्याच्याकडे नाही; आणि नियमाबाहेर नवे कॉइन छापले, तर बाकीचे नोड ते ब्लॉक फेकून देतात. ‘कॉइन मेल्यात जमा’ ही त्याची अतिशयोक्ती, आणि ‘काही होत नाही हो’ ही तुमच्या सभासदांची.

कारण असं खरंच होतं. इथेरियम क्लासिक या कॉइनवर जानेवारी २०१९ मध्ये असा हल्ला झाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये एकाच महिन्यात तीनदा झाला. त्यातल्या पहिल्यात तीन हजारांहून जास्त ब्लॉक पुसून पुन्हा लिहिले गेले. बिटकॉइन गोल्डची मे २०१८ मध्ये हीच गत झाली. या साखळ्यांची खरी अडचण अशी की त्यांचं मायनिंग ज्या यंत्रांवर चालतं तीच यंत्रं दुसऱ्या कॉइनसाठीही चालतात, आणि हॅशरेट तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळतो. हल्लेखोराला यंत्रं विकत घ्यावी लागत नाहीत. त्यात १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगच सोडून दिलं आणि लाखो ग्राफिक्स कार्डं एका दिवसात काम शोधत फिरू लागली. तुमच्यासारख्या लहान कॉइनच्या मानाने हे भाडोत्री सैन्य फार मोठं आहे. (मायनिंग चांगलं की स्टेकिंग, म्हणजे कॉइन तारण ठेवून साखळी चालवणं, विजेचं काय, हा वाद मी इथे काढत नाही. त्यावर लोकांनी मैत्र्या मोडल्यात.)

आणि ओरडण्याचा उपयोगही होतो. जून २०१४ मध्ये जीहॅश नावाच्या पूलचा बिटकॉइनमधला वाटा काही काळ ५० टक्क्यांच्या पुढे गेला होता. तेव्हा जे बोंबलले ते काही गोड भाषेत बोंबलले नव्हते. मायनर त्या पूलमधून बाहेर पडू लागले, आणि पुढच्याच महिन्यात पूलने आपला वाटा ४० टक्क्यांच्या खाली ठेवायचं कबूल केलं. यंत्रं पूलच्या मालकीची नसतात. ती असतात तुमच्यासारख्या माणसांची, आणि सेटिंगमधली एक ओळ बदलली की दुसरीकडे जातात.

तेव्हा एक प्रश्न विचारते. तुमच्या पत्रात सगळं आहे, एवढंच नाही : तुमची ती दोन कार्डं कुठल्या पूलला जोडलेली आहेत?

राग मानू नका. मी स्वतः तीन वर्षं कार्डं चालवली आणि तीनही वर्षं सर्वांत मोठ्या पूलमध्ये होते. कारण साधं आहे. लहान पूलला ब्लॉक, आणि त्याचं बक्षीस, कधीतरी सापडतो, तोवर हाताला काही लागत नाही. मोठ्या पूलमधून रोज थोडंथोडं येत राहतं. सरासरीला कमाई तेवढीच, पण रोज आलेलं बरं वाटतं. प्रत्येक जण असाच विचार करतो आणि कुणाच्याही मनात पाप नसताना एका पूलचा ढीग होतो. माझ्याही ग्रुपमध्ये एक जण हे सांगत असायचा. मी त्याला ‘एफयूडी (म्हणजे भीती, अनिश्चितता, शंका) पसरवू नकोस’ म्हणाले होते. आमच्यात त्याचा उच्चार ‘फड’ व्हायचा, आणि फड रंगायचाही तसाच. तो कंटाळून निघून गेला. त्याचे आकडे मी कधी तपासलेच नाहीत, म्हणून तो बरोबर होता की चूक हे आजही सांगू शकत नाही. लाज वाटते ती याची.

तुम्ही तपासा. बहुतेक पूल आपण शोधलेल्या ब्लॉकच्या पहिल्या व्यवहारात, म्हणजे कॉइनबेस व्यवहारात, आपली खूण सोडतात किंवा त्यांचा बक्षिसाचा पत्ता ओळखीचा असतो. मागचे हजार ब्लॉक घ्या आणि कुणाचे किती ते मोजा. दिवसभराचे ब्लॉक मोजून भांडू नका. तिथे नशीब फार खेळतं. बिटकॉइनचं उदाहरण घ्या : दिवसाला साधारण १४४ ब्लॉक निघतात. ज्या पूलकडे खरोखर ४५ टक्के हॅशरेट आहे त्याला सरासरीने ६५ मिळतील, पण निव्वळ नशिबाने ७२ च्या पुढे जाणारे दिवसही त्याला महिन्यातून तीन-चारदा सहज दिसतील. त्याच पूलचे हजार ब्लॉकमध्ये ५०० भरणं मात्र फारच विरळा. तेव्हा तुमच्या माणसाने एखाद्या दिवसाचा आलेख दाखवून ‘५३ टक्के!’ अशी हाळी दिली असेल, तर ती अर्धवट मोजणी आहे. हजारात ५३० निघाले, तर तो खरं बोलतोय आणि तुम्हाला काम आहे. खूण नसलेले ब्लॉक वेगळे मोजा; ते कुणाचे हे सांगता येत नाही, आणि एखादा पूल मुद्दामही खूण लपवू शकतो.

यातून एक गंमत लक्षात येईल. बिटकॉइनचा टोपणनावाचा जनक सातोशी, त्याच्या २००८ च्या मूळ लेखात एक वाक्य आहे, की आयपी पत्त्यामागे एक मत असं ठरवलं, तर जो भरपूर पत्ते मिळवू शकतो तो निकाल फिरवील. म्हणून मत यंत्राच्या कामावर मोजायचं, ‘एक सीपीयू, एक मत’. हा सगळा खटाटोप उभा राहिला तो मुळात खोट्या खात्यांच्या झुंडीवर विश्वास ठेवता येत नाही म्हणून. आणि त्याच साखळीच्या ग्रुपमध्ये तुम्ही ‘पन्नास जण बॅन करा म्हणतात’ हे कारण देताय. पन्नास खाती कळली. माणसं किती, ते कुणाला ठाऊक? कदाचित पन्नासच असतील. कदाचित त्या मोठ्या पूलमधले आठ जण असतील, ज्यांना हा विषय निघायलाच नको आहे.

वाद घालणारा विरोधी गटातला असला म्हणून त्याचं म्हणणं खोटं ठरत नाही, याचा मला आवडणारा किस्सा सप्टेंबर २०१८ मधला आहे. त्याच्या आधीच्या वर्षी, ऑगस्ट २०१७ मध्ये, ब्लॉक किती मोठा असावा यावरून बिटकॉइनची फाळणी होऊन बिटकॉइन कॅश वेगळं झालं होतं. दोन्हीकडच्यांनी एकमेकांना चोर, दलाल, गद्दार सगळं म्हणून घेतलं होतं. त्या भांडणाच्या सुरुवातीच्या काळात तर वेगळं सॉफ्टवेअर चालवणाऱ्यांचे नोड हल्ले करून बंद पाडले जात होते. आणि मग २०१८ मध्ये बिटकॉइन कोअरमध्ये, म्हणजे बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये, एक भयंकर चूक सापडली : एकाच व्यवहारात तेच कॉइन दोनदा खर्चून हवेतून नवे कॉइन निर्माण करता आले असते. ती सापडली कुणाला? बिटकॉइन कॅशच्या बाजूने काम करणाऱ्या, टोपणनावाच्या एका डेव्हलपरला. त्याने ती विकली नाही, मिरवलीही नाही. दोन्हीकडच्या लोकांना गुपचूप कळवलं, आणि दोन दिवसांच्या आत दुरुस्त आवृत्ती बाहेर आली. वर्षभर ज्याला तिकडच्या ग्रुपांत कुणी उभंही केलं नसतं, त्याने त्यांचं घर वाचवलं.

तुमचा माणूस इतका खानदानी आहे असं मी म्हणत नाही. तो लोकांना मेंढरं म्हणतो. ते बंद व्हायला हवं आणि बंद करणं तुमचं काम आहे. फक्त कात्री कुठे चालवायची ते ठरवा. त्याचा शिवी असलेला मेसेज काढा आणि कारण लिहा : ‘आकडा चालेल, मेंढरं चालणार नाही, पुन्हा नीट टाका.’ हाच नियम त्याला ‘विकाऊ कुत्रा’ म्हणणाऱ्यालाही लावा. त्यांनी काय काय म्हटलं असेल हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण मी असे ग्रुप पाहिलेत. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे तिथे रोज घडतं. आणि ‘एफयूडी’ हा शब्द वापरायचा असेल तर कुठला आकडा चुकला हे त्याच मेसेजमध्ये लिहायची अट घाला. निम्मे फड तिथेच बसतील. पूलच्या वाट्याला एक वेगळा धागा द्या आणि दर आठवड्याला हजार ब्लॉकची मोजणी तुम्ही स्वतः तिथे टाका. तुम्हीच आकडा जाहीर करू लागलात की त्याच्याकडे ओरडायला फारसं उरत नाही. एखादी खरी सुरक्षेची चूक कुणाला सापडली तर ती कुठे कळवायची याचा खाजगी मार्गही लिहून ठेवा. पूलचा वाटा सगळ्यांना दिसतो, तो उघड बोलायचा विषय आहे, पण कोडमधलं भोक ग्रुपमध्ये ओरडून सांगायचं नसतं.

तो खरोखर ट्रोल आहे का? त्याला एक साधा, तांत्रिक प्रश्न विचारा : कुठल्या ब्लॉकपासून कुठल्या ब्लॉकपर्यंत मोजलेस? नुसता चिडका असेल तर उत्तर देईल, वर दोन टोमणे मारील, पण उत्तर देईल. ट्रोल उत्तर देत नाही. तो विषय बदलतो, तुमच्या हेतूवर येतो, एक मुद्दा संपला की दुसरा काढतो, कारण त्याला पूलशी देणंघेणं नसतं, तुमच्या चिडण्याशी असतं. दोन-तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही, तर खुशाल काढून टाका आणि मनाला लावून घेऊ नका.

मात्र हा निर्णय तुम्ही एकट्याने घेऊ नका. तुमची बचत या कॉइनमध्ये आहे हे तुम्हीच लिहिलंय, आणि त्याचं बोलणं लागतं ते त्यामुळेच, असं मला वाटतं. तो जे बोलतो त्याने भाव पडेल ही भीती आहे, आणि वड्याचं तेल वांग्यावर निघतंय. यात गुन्हा नाही. पण ज्याचे पैसे अडकलेत त्यानेच टीकाकाराचं तोंड बंद करायचं ठरवलं, तर ‘विकला गेलाय’ ही ओरड थांबणार कशी? दुसरा मॉडरेटर घ्या, शक्यतो मायनिंग न करणारा. तुमच्याकडे कॉइन आहेत हे सर्वांना कळू द्या. किती आहेत हे चुकूनही कळू देऊ नका.

ते का, तेही सांगते. जानेवारी २००९ मध्ये सातोशीकडून पहिला बिटकॉइन व्यवहार ज्याला मिळाला तो हॅल फिनी, बिटकॉइनच्या जगातला सर्वांत सज्जन म्हणून ओळखला जाणारा माणूस. असाध्य आजाराने खिळलेला असताना, आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, कुणीतरी त्याच्याकडे १००० बिटकॉइनची खंडणी मागत होतं, आणि खोटा फोन करून त्याच्या घरावर सशस्त्र पोलीस धाडले गेले. बहुतेक शिव्या देणारे पडद्याच्या अलीकडे येत नाहीत. पण तुमच्या खाजगी मेसेजमध्ये घरचा पत्ता, घरच्यांची नावं किंवा जिवाची भाषा आली, तर तो ट्रोल राहिलेला नाही. स्क्रीनशॉट ठेवा, तारखा ठेवा आणि पोलिसांकडे जा. ग्रुपचं खातं आणि वॉलेटचं खातं वेगळ्या ईमेलवर असू द्या, आणि दुहेरी पडताळणी एसएमएसवर ठेवू नका. सिम पळवून तो कोड पळवता येतो. बाकीच्या शिव्यांसाठी खाजगी मेसेज सरळ बंद करा. मॉडरेटरला रात्री दोन वाजता उपलब्ध असण्याचं बंधन कुणी घातलेलं नाही.

बचतीबद्दल थोडंच लिहिते. मोजणी झाल्यावर पूलचा वाटा निम्म्याच्या वर निघाला, तर तुमच्या वॉलेटमधले कॉइन चोरीला जाणार नाहीत. पण एखाद्या एक्स्चेंजवर डबल स्पेंड झाला तर एक्स्चेंज कॉइन जमा करणं आणि काढणं थांबवतात, कन्फर्मेशनची (व्यवहार पक्का मानण्याआधी त्यावर जमावे लागणाऱ्या ब्लॉकची) संख्या वाढवतात, काही वेळा कॉइन यादीतूनच काढतात, आणि विकायचं म्हटलं तरी विकता येत नाही. तुमची ‘बरीचशी’ बचत अशा जागी असणं मला पटत नाही, मग तो माणूस ट्रोल असो वा नसो. जे गेलं तर झोप उडणार नाही तेवढंच तिथे ठेवा. सध्या झोप उडालेलीच आहे, म्हणजे आकडा जास्त आहे.

आणि त्याला काय लिहायचं हे सुचत नसेल, तर माझा मसुदा घ्या, हवा तसा बदला :

‘तुम्ही दोन महिने पूलच्या वाट्याबद्दल सांगताय आणि मी तपासलं नव्हतं. आता मागचे हजार ब्लॉक मोजलेत, आकडे सोबत आहेत. तुमची मोजणी कुठल्या ब्लॉकपासून आहे ते सांगा, दोन्ही शेजारी ठेवू. शिव्या असलेले मेसेज यापुढे काढले जातील, माझ्या बाजूच्या लोकांचेही. मायनर इतर पूलकडे कसे वळवायचे यावर काही सुचत असेल तर ते ऐकायचं आहे.’

तुमची कार्डं त्याच मोठ्या पूलमध्ये असतील, तर हे पाठवण्याआधी ती हलवा, आणि हलवल्याचंही त्यातच लिहा.

– ताई